चारच्या जागी एक

पोस्टमन सही घेऊन गेला तेव्हा मी सांबार निवडत होते.
खाकी पाकीट. यांनी उभ्या उभ्या वाचलं,
मग बसून, मग चष्मा पुसून पुन्हा.
"काय म्हणते?" मी विचारलं.
"म्हणते, मी तीन वर्षं आधीच म्हातारा झालो."

कोणीतरी संगणकावर
चव्वेचाळीसच्या ठिकाणी एक्केचाळीस टाकलं होतं.
ऐंशी भरल्यावर पेन्शन वाढते ना थोडी,
ती यांची सत्त्याहत्तरीलाच वाढली.
महिन्याला तीन हजार नऊशे, छत्तीस महिने.
आता ऐंशी खरोखर भरली, आणि पत्र आलं:
एक लाख चाळीस हजार चारशे,
अतिप्रदान, वसुलीस पात्र.

अतिप्रदान.
जसं कोणी दानच करत होतं आम्हाला
आणि हात जरा सैल सुटला.

रात्री मी वहीत मांडून पाहिलं, गेले कुठं.
माझा उजवा डोळा, धंतोलीच्या दवाखान्यात,
कारण मेडिकलची तारीख चार महिन्यांनंतरची होती.
कुलरची मोटर. दर उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या.
श्रुतिकाच्या शाळेची बस, दोन वर्षं.
एकदा रामटेकला ऑटोनं गेलो, आणि आलोही ऑटोनंच.
बर्डीवरचा एक स्वेटर,
जो यांनी घालायच्या आधीच जावयाला दिला.
बाकी तुरीच्या डाळीत, तेलात.
यातलं काय नेऊन द्यायचं कोषागारात?
डोळा?

हे छापखान्यात होते चौतीस वर्षं.
आधी खिळे जुळवायचे, नंतर प्रुफं.
घरी लग्नपत्रिका आली की तारीख मागून, चुका आधी.
'आशिर्वाद' छापलेलं असलं
तर तांबड्या पेन्सिलीनं दीर्घ करून
मगच पत्रिका देवाजवळ ठेवायचे.

हयातीच्या दाखल्याची फाईल मीच काढली, तारखा जुळवायला.
तीन वर्षांपूर्वीची पहिली स्लिप.
जन्मसालावर बारीकसा गोल,
समासात खूण.
तांबडी.

त्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले होते,
आजी, थांबू नका आता, मोतीबिंदू पिकला.

मी स्लिप होती तिथं ठेवली,
तिच्या जुन्याच घडीवर.
सकाळी चहात साखर नेहमीएवढीच टाकली.

सिव्हिल लाइन्सच्या त्या ऑफिसात
वाढई मॅडमनं खुर्ची दिली, पाणी मागवलं.
"काकाजी, चूक आमचीच आहे,
पण पैसे त तुमच्याच खात्यात आले ना.
हप्ते पाडून देते. सव्वीसशे. चोपन्न महिने."
यांनी बोटांवर मोजलं. "साडेचौऱ्याऐंशी."
मग म्हणाले, "आन् मी मधातच गेलो त?"
मॅडम कीबोर्डकडे पाहत राहिली.
"मग काकूंच्या पेन्शनमधून जाते."
हे माझ्याकडे पाहिनात.

फॉर्मवर एक रकाना होता:
जादा रक्कम जमा होत असल्याचे लक्षात आले होते काय?
होय. नाही.
पेन हातात धरून हे किती वेळ बसले.
"नाही लिहा," मी म्हटलं,
"तुमाले कुठं बारीक अक्षर दिसते."
तेव्हा त्यांनी मान वर केली,
आणि मी माझ्या उजव्या, चांगल्या डोळ्यानं
त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

त्यांनी दोन्ही चौकोन कोरे ठेवले.
खिशातून पेन्सिल काढली,
फॉर्मच्या मथळ्यावर 'वसूली' होतं,
त्यातला 'सू' ऱ्हस्व केला,
आणि खाली सही: मनीराम सोनकुसरे.

"काकाजी, हे काय केलं?"
"चूक होती," हे म्हणाले.
"दिसली."

मॅडमनं शिक्का मारला.
शिक्का थोडा तिरपा बसला,
ते यांनी जिना उतरताना मला दोनदा सांगितलं.